घर तेच, भाडेकरू तोच, मग पैसे कशाचे?

टोकियोत भाड्याच्या घराचा करार बहुतेक वेळा दोन वर्षांचा असतो. मुदत संपायला दोन-तीन महिने उरले की टपालाने पाकीट येतं. आत नव्या कराराचा कागद, विम्याचा अर्ज आणि बँकेत भरायचा आकडा. घर तेच, मालक तोच, भाडेकरूही तोच. आकडा मात्र एका पूर्ण महिन्याच्या भाड्याचा.

या रकमेला कोशिनर्‍यो म्हणतात. करार पुढे चालू ठेवल्याबद्दल मालकाला द्यायचे पैसे. हे परत मिळत नाहीत.

राहायचं चोवीस महिने, मोजायचे पंचवीस महिन्यांचे.

समजा, भाडं एक लाख येन आहे. त्या महिन्यात नेहमीचं एक लाख भाडं द्यायचंच. वर एक लाख कोशिनर्‍यो. मग घराची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीची कागदपत्रांची फी, कुठे पाव महिना, कुठे अर्धा. मग पुढच्या दोन वर्षांचा आगीचा विमा. मग हमी कंपनीचा हप्ता. अडीच लाख येन कधी ओलांडले ते कळतही नाही. बदल्यात घरात नवीन काय आलं? भिंतीवरचा कागदसुद्धा जुनाच.

आणि हे मागायचं कोणाकडे? ज्याने दोन वर्षांपूर्वी आत पाऊल टाकण्याआधीच शिकिकिन म्हणजे डिपॉझिट भरलं, रेइकिन म्हणून मालकाला परत न येणारी रक्कम दिली, एजंटची फी दिली, हमी कंपनीची फी दिली, कुलूप बदलण्याचे पैसे दिले आणि पहिलं भाडंही आगाऊ दिलं, त्याच्याकडे. चार-पाच महिन्यांचं भाडं त्याने सामान उतरवण्याआधीच मोजलेलं असतं. तो खड्डा भरतोय तोवर पाकीट दारात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पाहायलाच हवं, कारण पाकिटात ते लिहिलेलं नसतं.

जपानचा जमीन व घर भाडेपट्टा कायदा 1991 चा. अंमल 1 ऑगस्ट 1992 पासून. त्याचं कलम 26 सांगतं की मालकाला करार पुढे न्यायचा नसेल तर मुदत संपण्याच्या एक वर्ष ते सहा महिने आधी त्याने तसं कळवावं. नाही कळवलं? करार जुन्याच अटींवर आपोआप पुढे सुरू. कळवलं, पण मुदतीनंतरही भाडेकरू राहत होता आणि मालकाने वेळ न दवडता हरकत घेतली नाही? तरीही सुरू.

सही लागत नाही. शिक्काही लागत नाही.

बरं, मालकाने वेळेत कळवलं, हरकतही घेतली. संपलं? नाही. कलम 28 आडवं येतं. मालकाकडे सबळ कारण हवं. घराची गरज कोणाला जास्त, आजवरचा व्यवहार कसा झाला, इमारत कोणत्या अवस्थेत आहे, हे सगळं न्यायालय तोलतं. आणि घर सोडण्याबद्दल मालक किती रक्कम देऊ करतो, तेही तोलतं. होय, इथे पैसे मालकाने भाडेकरूला द्यायचे असतात. त्याचा ठरलेला तक्ता नाही. कारण जितकं लंगडं, रक्कम तितकी मोठी.

भाडेकरूचं नुकसान करणारी अट घालून या कलमांना बगल द्यायची म्हटलं, तर कलम 30 ती अट रद्द ठरवतं.

मग जे कायद्याने आधीच देऊन ठेवलंय, ते दर दोन वर्षांनी विकत का घ्यायचं?

हे संरक्षण कोणी प्रेमाने दिलेलं नाही. 1921 च्या जुन्या कायद्यात सबळ कारणाची अट नव्हती. 1939 साली युद्धाच्या तयारीत सरकारने भाडी गोठवली. मालकांनी साधा हिशेब केला. भाडं वाढत नाही ना, मग भाडेकरूच बदला. तेव्हा 1941 साली सबळ कारणाची अट आली. घरातला कर्ता माणूस आघाडीवर आणि मागे त्याची बायको-मुलं रस्त्यावर, ही भीती त्यामागे होती. युद्ध संपलं. भाडी गोठवणारा हुकूमसुद्धा 1986 च्या अखेरीस गेला. सबळ कारण मात्र टिकलं.

टिकलं ते उत्तम झालं. डोक्यावरचं छप्पर ही फक्त युद्धकाळातली गरज आहे का?

मालकाची बाजू नाही असं कोण म्हणतं? मालमत्ता कर भरायचा, गळती काढायची, घर रिकामं राहिलं तर ते महिने सोसायचे. अनेक मालक म्हणजे दोन मजली लाकडी इमारतीच्या सहा-आठ खोल्यांवर म्हातारपण काढणारी माणसं. भाडेकरू सहजी काढता येत नाही, भाडं सहजी वाढवता येत नाही. म्हणून दोन वर्षांनी एकदा एकरकमी घ्यायचं.

ठीक आहे. खर्च खरा असेल तर तो भाड्यात लिहा. एक लाखाच्या भाड्यात महिन्याला 4,167 येन वाढतील, एवढंच. का लिहीत नाहीत? कारण घर शोधणारा यादी महिन्याच्या भाड्यावरून लावतो. भाडं वाढलं की घर यादीत खाली घसरतं. कोशिनर्‍यो मात्र खालच्या बारीक ओळीत बसते. माणूस घर पसंत करून मोकळा होतो आणि दोन वर्षांनी ती ओळ वाचतो.

हे न्यायालयात गेलं नाही का? गेलं. क्योतोमधून गेलं, आणि तिथलं प्रकरण टोकियोपेक्षा कडक होतं. भाडं 38,000 येन. करार एकेका वर्षाचा. कोशिनर्‍यो दर वर्षी दोन महिन्यांची. बारा महिने राहायचं आणि चौदा महिन्यांचे द्यायचे. 2009 साली ओसाकाच्या उच्च न्यायालयाने अशाच एका खटल्यात ही अट ग्राहक करार कायद्याविरुद्ध म्हणून रद्द केली होती. भाडेकरूंना वाटलं, सुटलो.

15 जुलै 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. अट करारात स्पष्ट लिहिलेली असेल आणि भाडं व मुदत पाहता रक्कम अवाजवी नसेल तर ती वैध. वर्षाला दोन महिने? अवाजवी नाही.

न्यायालयाचं म्हणणं असं की ही रक्कम काही अंशी भाड्याचीच भर आहे, काही अंशी करार सुरळीत चालू राहण्याचा मोबदला. निकाल मान्य, तर्क पटत नाही. भाड्याची भर असेल तर नवा करार होऊन तीन महिन्यांत घर सोडणाऱ्याला उरलेल्या एकवीस महिन्यांचे पैसे परत मिळायला हवेत. एरवी ते मिळत नाहीत. चालू राहण्याचा मोबदला म्हणावं, तर चालू राहणं कलम 26 ने फुकट दिलेलं आहे.

आणि ओसाकाचं काय?

क्योतोहून रेल्वेने अर्धा तास. तोच कायदा, तीच न्यायालयं, तोच येन. ओसाकात कोशिनर्‍योची रीतच नाही. तिथले मालक भिकेला लागले नाहीत. त्यांची वसुली वेगळ्या दाराने होते हे खरं. त्या भागात डिपॉझिटमधून ठरावीक रक्कम कापून घेण्याची चाल आहे, आणि 2011 च्याच मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तीही मान्य केली. पण ती कापणी एकदाच होते. टोकियो, कानागावा, साइतामा, चिबा आणि क्योतोत मात्र राहाल तितक्या वेळा द्या. जास्त काळ टिकणारा, वेळेवर भाडं देणारा, शेजाऱ्यांशी न भांडणारा भाडेकरू सर्वांत जास्त देतो. चांगल्या माणसाकडून जास्त घेणारी ही रीत सगळे गप्प बसतात म्हणून टिकली आहे.

पाकिटातल्या त्या कंपनीच्या फीकडे वळू. कागदपत्रं तयार करण्याची फी. काम कोणाचं? मालकाचं. कंपनी कोणी नेमली? मालकाने. बिल कोणाला? भाडेकरूला. घर मिळवून देताना एजंटने दोन्ही बाजूंकडून मिळून किती घ्यावं याला कायद्याची मर्यादा आहे, एक महिन्याचं भाडं आणि त्यावर कर. मुदतवाढीच्या कागदाच्या फीला ती मर्यादा लागत नाही. तेव्हा मूळ करार काढा आणि ही फी त्यात लिहिली आहे का ते पाहा. नसेल तर कोणत्या कलमाखाली मागताय, असं लेखी विचारा. विम्याचंही तसंच. करारात विशिष्ट कंपनी बंधनकारक नसेल तर पाकिटातलाच महाग विमा घ्यायला तुम्ही बांधलेले नाही.

विचारणं उद्धटपणा वाटतो? चौकशीचा एक फोन फुकट असतो. न विचारलेली फी दर दोन वर्षांनी येते.

कागदावर शिक्का मारलाच नाही तर काय होतं? पोलीस येत नाहीत, सामान बाहेर फेकलं जात नाही. करार कायद्याने पुढे चालू राहतो, आणि गंमत नव्हे, मोठा फरक पडतो. आता त्याला मुदतच उरत नाही. मुदत नाही म्हणजे सहसा पुढची मुदतवाढ नाही. मुदतवाढ नाही म्हणजे पुढची कोशिनर्‍यो नाही. मालक सहा महिन्यांची नोटीस देऊ शकतो, पण सबळ कारण तेव्हाही लागतंच.

हे वाचून कागद लगेच फाडू नका. मूळ करारात ‘कायद्याने आपोआप झालेल्या मुदतवाढीलाही कोशिनर्‍यो द्यावी लागेल’ असं वाक्य असेल तर या खेपेची रक्कम मागता येते, आणि ती बुडवणं म्हणजे करार मोडणं. असं वाक्य आहे की नाही यावर सगळं ठरतं. एका ओळीवर एक महिन्याचं भाडं. मग ती ओळ सही करण्याआधी वाचायला नको?

जामिनाचंही पाहा. करार नवा झाला की जुना जामीन सुटला, असं बहुतेकांना वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 1997 च्या निकालात सांगून ठेवलंय की खास उलट काही ठरलेलं नसेल तर मुदतवाढीनंतरच्या भाड्यालाही तोच जामीन बांधील राहतो. ज्या मामाने भाच्याच्या पहिल्या नोकरीच्या वेळी शिक्का मारला तो भाचा चाळिशीत गेला तरी अडकलेला. एप्रिल 2020 पासून नवा जामीन घेताना जास्तीत जास्त किती रकमेला तो बांधील, हा आकडा लिहावाच लागतो. आकडा नसेल तर जामीनकी रद्द. आधीच्या मामांना हा आधार नाही.

आता खरा धोका. एक महिन्याची कोशिनर्‍यो खिसा कापते, पण घर राखते. पाकिटात अलीकडे आणखी एक पत्र सापडू लागलंय. भाडंवाढीचं.

टोकियोत भाडी चढली आहेत. इमारती विकल्या जातात, नवे मालक येतात आणि वर्षानुवर्षं न बदललेलं भाडं एका पत्राने बदलू पाहतात. 2025 साली इताबाशी भागातल्या एका इमारतीत भाडं अडीच पटीच्या वर नेण्याची पत्रं आली आणि देशभर चर्चा झाली.

पत्र आलं म्हणजे भाडं वाढलं का?

कलम 32 प्रमाणे कर, जमीन-घराच्या किमती, आजूबाजूची भाडी बदलली तर मालक वाढ मागू शकतो. भाडेकरू कपातही मागू शकतो, हे कोणी सांगत नाही. एकमत झालं नाही तर आधी न्यायालयातली समेटाची बैठक, मग खटला. निकाल लागेपर्यंत भाडेकरूने स्वतःला योग्य वाटेल तेवढं भाडं देत राहायचं. नंतर ते कमी ठरलं तर फरक आणि त्यावर वर्षाला 10 टक्के व्याज. जुनं भाडं घ्यायला मालकाने नकार दिला तर? सरकारच्या कायदेविषयक कार्यालयात, होमुक्योकूत, ते जमा करायचं. भाडं भरल्याची नोंद होते आणि थकबाकीचं निमित्त मालकाला मिळत नाही.

थकबाकी तेवढी होऊ देऊ नका. दोन-तीन महिने भाडं थांबलं की विश्वास मोडला असं न्यायालय मानू लागतं, आणि मग सबळ कारणाची भिंतही वाचवत नाही. रागाच्या भरात भाडं रोखणारा भाडेकरू मालकाला हवं तेच करतो.

दुसरा धोका त्याहून शांत आहे. 1 मार्च 2000 पासून जपानात मुदतबंद करार आले. तेइकी शाक्का. मुदत संपली की करार संपला. सबळ कारण नको, घर सोडण्याचे पैसे नकोत. मालकाने मान्य केलं तरच नवा करार, नव्या भाड्याने. अशा करारात भाडं बदलाच्या मागणीचं कलम 32 सुद्धा अटीने बाजूला ठेवता येतं. देशभरातल्या भाड्याच्या घरांत यांचा वाटा अजून थोडाच आहे, पण टोकियोच्या मधल्या भागात तो वाढतोय.

कायद्याने अट घातली आहे. हा करार लेखी हवा, आणि यात मुदतवाढ नाही हे आधी वेगळ्या कागदावर देऊन समजावलं पाहिजे. वेगळा कागद नसेल तर भाडेकरूला सगळं ठाऊक असलं तरी चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2012 मध्ये बजावलं. एक वर्ष किंवा त्याहून मोठ्या मुदतीसाठी संपण्याच्या एक वर्ष ते सहा महिने आधी मालकाने कळवणंही बंधनकारक.

पण मुदतवाढीच्या पाकिटात नेहमीच्या कागदाऐवजी हा कागद आला तर? वेगळा कागदही सोबत जोडलेला असेल. नेहमीच्या जागी नेहमीचा शिक्का मारला की हातातला मजबूत हक्क गेला. शिक्का मारायला लागतात दोन सेकंद.

आपल्या माणसांना हे सांगायला हवं, म्हणून इतकं लिहितो. टोकियोच्या एदोगावा भागातल्या निशी-कासाईत 2000 च्या सुमारापासून भारतीय इंजिनिअर राहायला लागले. त्यांत मराठी घरं पुष्कळ. 2019 साली योगेंद्र पुराणिक तिथल्या वॉर्ड सभेवर निवडूनही आले. मुलं तिथल्या शाळांत आहेत, माणसं रुजली आहेत. पण पुण्या-ठाण्याहून जाणारा माणूस अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सची सवय घेऊन जातो. इथे मुदत संपली की घर सोडायचं हेच त्याला माहीत. म्हणून तिथल्या दोन वर्षांचीही त्याला तीच धास्ती वाटते आणि तो पाकिटातला प्रत्येक कागद मुकाट्याने सही करून पाठवतो.

त्याला कोणीतरी सांगा की तिथला साधा करार असा संपत नाही.

त्याच निशी-कासाईत दुसरी वाटही दिसते. यूआर या सरकारी संस्थेची भाड्याची घरं. रेइकिन नाही, एजंटची फी नाही, जामीन नाही आणि कोशिनर्‍यो नाही. उत्पन्नाची अट पुरी करा आणि राहा. भारतीय माणसं तिथे मोठ्या संख्येने का गेली हे वेगळं सांगायला नको. जपानच्या न्याय मंत्रालयाने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे 39 टक्क्यांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. दारच उघडलं नाही तर कलम 28 कोणाच्या कामाचं?

हीच तर या कायद्याची अडचण आहे. आत असलेल्याला तो घट्ट धरतो, पण बाहेरच्याला आत आणू शकत नाही. परदेशी माणसाइतकाच, कधी त्याहूनही जास्त, हा दरवाजा बंद असतो तो म्हाताऱ्यांना. एकटी राहणारी पंचाहत्तरीची बाई घर मागायला गेली की मालक तिच्या मरणाचा विचार करतो. खोलीतच गेली तर? सामान कोण हलवणार? भाडं कोण देणार? नकार मिळतो, आणि तो नम्र शब्दांत मिळतो.

म्हणून तिच्या हातात जे घर आज आहे, तेच तिचं शेवटचं असू शकतं. तिच्या पाकिटात मुदतबंद कराराचा कागद जाता कामा नये.

कायद्याने हे अर्धं ओळखलंय. 1 मार्च 2000 च्या आधी झालेला राहत्या घराचा साधा करार मोडून त्याच घराचा, त्याच भाडेकरूशी मुदतबंद करार करायला आजही मनाई आहे. दोघं राजी असले तरी. तेव्हाच्या कायदेकर्त्यांना ठाऊक होतं की अशा राजीखुशीत एका बाजूला खुशी नसते. पण त्या तारखेनंतर घर घेतलेल्यांना हे कवच नाही, आणि त्यांतलेही आता पन्नाशी-साठी ओलांडत आहेत. कोशिनर्‍यो रद्द करायला जपानच्या संसदेला आणखी वीस वर्षं लागोत, ही तारीख तरी तिने आताच पुढे सरकवावी.